उंबरठ्यावरून पाहिलेले संत

पवित्र चित्रासमोर उभे राहण्याचा खरा अधिकार कोणाला? चित्रातल्या संतावर ज्याची श्रद्धा आहे त्याला, की ते चित्र ज्याला नीट पाहता येते त्याला? या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी असाव्यात अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. तथापि अनुभव असा, की श्रद्धावान माणूस वेदीवरील चित्राकडे वर्षानुवर्षे पाहूनही त्यात काय आहे हे सांगू शकत नाही. आणि एखादा परका मनुष्य, जो त्या संताकडे कधीही काही मागणार नाही, त्याने त्याच चित्राची एकेक रेषा ओळखून ठेवलेली असते. या दोघांपैकी चित्राच्या अधिक जवळ कोण? एकोणिसाव्या शतकातील लेखिका ॲना जेमसन यांचे चरित्र आणि ग्रंथ वाचताना हा प्रश्न आम्हांस पुन्हा पुन्हा पडत गेला. त्याचे उत्तर वरवर वाटते तितके सरळ नाही.

जेमसनबाईंचा 'सेक्रेड अँड लेजंडरी आर्ट' हा दोन खंडांचा ग्रंथ १८४८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. लेखिका प्रॉटेस्टंट, बहुसंख्य वाचक प्रॉटेस्टंट, आणि विषय मात्र कॅथलिक परंपरेतील संतांची चित्रे. देवदूत, शुभवर्तमानकार, प्रेषित, ख्रिस्तसभेचे आचार्य, मग्दालेची मरिया, कुमारिका, रक्तसाक्षी, अरण्यवासी तपस्वी अशा क्रमाने बाईंनी शेकडो चित्रे उलगडून दाखविली. तबकात दोन डोळे घेऊन उभी असलेली स्त्री म्हणजे संत लुसिया. चिमट्यात दात धरलेली ती संत ॲपोलोनिया. जिच्याजवळ मोडके चाक आहे ती आलेक्झांड्रियाची संत कॅथरिन. जिच्यामागे तीन खिडक्यांचा बुरूज आहे ती संत बार्बरा. आख्यायिका सांगते की, बार्बराच्या मूर्तिपूजक पित्याने तिला कोंडण्यासाठी बांधविलेल्या बुरुजाला दोनच खिडक्या होत्या आणि पवित्र त्रैक्याच्या सन्मानार्थ तिने तिसरी पाडून घेतली. आपल्याकडील मूर्तिशास्त्रात देवदेवतांच्या हातातील वस्तूंना आयुधे म्हणतात आणि त्यांवरून मूर्ती ओळखतात. संतांच्या हातातील वस्तूंचे कार्यही तसेच आहे. ती एक लिपी आहे, आणि ही लिपी इंग्लंड देश विसरला होता.

तो कसा विसरला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३६ ते १५४० या काळात मठ बंद झाले. त्याचा पुत्र सहावा एडवर्ड गादीवर आल्यानंतर चर्चमधील मूर्ती फोडल्या गेल्या, भिंतींवरील चित्रांना चुना फासण्यात आला. पुढे तीनशे वर्षे सामान्य इंग्रज माणसाने संत बार्बरा पाहिलीच नाही. मग फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनच्या स्वाऱ्या यांमुळे युरोपातील मठ उद्ध्वस्त झाले, वेदींवरील चित्रे बाजारात आली आणि श्रीमंत इंग्रजांनी ती विकत घेतली. लंडनची नॅशनल गॅलरी १८२४ साली उघडली. तिच्या सूचीत पहिला क्रमांक ज्या चित्राला मिळाला, ते सेबास्तियानो देल प्योंबोचे 'लाजरसचे पुनरुत्थान' मुळात फ्रान्समधील नारबोन येथील कॅथीड्रलच्या वेदीसाठी काढलेले होते. ज्या चित्रासमोर मिस्साबलिदान अर्पण होत असे, त्याच्यासमोर आता हातात छत्री आणि सूचिपत्र घेतलेली माणसे उभी राहू लागली. त्यांना रंग दिसत होते, आकृत्या दिसत होत्या. पण ही माणसे कोण, आणि ती येथे का जमली आहेत, हे त्यांना उमगत नव्हते. जेमसनबाईंनी लेखणी उचलली ती या माणसांसाठी. १८४२ साली त्यांनी लंडनमधील सार्वजनिक चित्रसंग्रहांची मार्गदर्शिका लिहिली. संतांवरील ग्रंथमाला ही तिचीच पुढली पायरी.

बाईंचा या विषयापर्यंतचा प्रवास मोठा विलक्षण आहे. जन्म १७९४ चा, डब्लिन शहरातला. वडील डेनिस ब्राउनेल मर्फी हे हस्तिदंतावर छोटी व्यक्तिचित्रे रंगविणारे चित्रकार. चार वर्षांची ॲना आईवडिलांबरोबर इंग्लंडला आली. घरची स्थिती बेताची. म्हणून सोळाव्या वर्षी ती एका उमराव घराण्यात मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. अशाच एका कुटुंबाबरोबर तिला इटलीचा प्रवास घडला आणि त्या प्रवासावरून १८२६ साली निनावी पुस्तक निघाले. त्यातील दुःखी नायिका अखेरीस मरण पावते. वाचकांनी ते खरे मानून हळहळ व्यक्त केली, आणि लेखिका मात्र तेव्हा नुकतीच विवाहित होऊन लंडनमध्ये संसार मांडत होती! दुर्दैवाने तो संसारच टिकला नाही. पती रॉबर्ट जेमसन वकील होते. ते १८२९ साली डॉमिनिका बेटावर न्यायाधीश म्हणून गेले, पुढे कॅनडात मोठ्या हुद्द्यावर चढले. बाई १८३६ च्या अखेरीस टोरांटोला जाऊन पाहून आल्या. मने जुळण्याची आशा उरली नव्हती. वर्षाला ३०० पौंड देण्याचे ठरवून दोघे विभक्त झाले. पण ती रक्कमही पुढे येईनाशी झाली, आणि १८५४ साली पती वारले तेव्हा मृत्युपत्रात पत्नीसाठी काहीच ठेवलेले नव्हते.

दरम्यान वडिलांना पक्षाघात झाला होता. आईवडील आणि बहिणी यांचा भार या एका लेखणीवर होता. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. वडिलांनी राजकन्या शार्लटसाठी दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारातील सुंदर स्त्रियांच्या जुन्या चित्रांच्या लहान प्रतिकृती तयार केल्या होत्या. राजकन्या १८१७ साली बाळंतपणात वारली आणि चित्रकाराचे कष्ट वाया गेले. त्या चित्रांचे काही मोल व्हावे म्हणून कन्येने त्यांना जोडून मजकूर लिहिला आणि तो ग्रंथ १८३०च्या दशकाच्या आरंभी निघाला. म्हणजे चित्रांवरील बाईंच्या लेखनाचा प्रारंभ झाला तो एका विलासी राजाच्या लाडक्या स्त्रियांपासून. आणि शेवटचे लेखन, जे अपुरे राहिले, ते होते प्रभू येशूच्या चित्रांवरील. या दोन टोकांच्या मध्ये कोणतेही नाट्यमय मनःपरिवर्तन झाल्याचे चरित्रात दिसत नाही. चित्रे पाहणे तेवढे अखंड चालू होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'सेक्रेड अँड लेजंडरी आर्ट'च्या प्रास्ताविकात बाईंनी आपली भूमिका प्रामाणिकपणे सांगून टाकली आहे. आपण या चित्रांकडे कलेच्या दृष्टीने पाहिले आहे, धर्माच्या दृष्टीने नव्हे, असा तिचा आशय आहे. सेमिनरीत शिकलेल्या माणसाला येथे थबकावे लागते. कारण ख्रिस्तसभेची शिकवण याच्या नेमकी उलट दिशेने जाते. मार्सेलिसच्या सेरेनस नावाच्या बिशपने मूर्ती फोडल्या तेव्हा, इ. स. ६०० च्या सुमारास, पोप महान ग्रेगरी यांनी त्याला लिहिले की, वाचू शकणाऱ्यांना जे ग्रंथातून मिळते ते अक्षरशत्रूंना चित्रातून मिळते. नायसियाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने ७८७ साली ठरवून दिले की, प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्याकडे पोहोचतो. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली हेच पुन्हा सांगितले. अर्थात चित्र हा एक मार्ग आहे. त्यावरून पुढे जायचे असते. जो मार्गावरच थांबून फरशीची नक्षी न्याहाळतो, त्याला आपण यात्रेकरू म्हणत नाही.

उलट पक्षाचे म्हणणेही काही कमी वजनदार नाही. इमॅन्युएल कांटने १७९० साली मांडले की, सुंदर वस्तूचा खरा आस्वाद हा निर्हेतुक असतो. त्या वस्तूपासून आपल्याला काही हवे असेल, तर आपण ती सौंदर्यासाठी पाहत नसतो. आपल्याकडेही मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत कला लौकिक जीवनापासून किती अलग, याची चर्चा झाली आहे. या दृष्टीने पाहिले तर नवस फेडायला आलेली म्हातारी संत सेबेस्तियनचे चित्र पाहतच नाही. ती आपल्या नातवाचा ताप पाहते. हे म्हणणे सहजासहजी झटकून टाकता येण्यासारखे नाही. मात्र म्हातारी जे पाहते त्याहून कांटचा रसिक अधिक पाहतो, हे कोणी सिद्ध केले? सेबेस्तियनच्या अंगातील बाण ही प्लेगच्या साथीत युरोपातील लोकांची भाषा होती. साथीचे बाण आपल्यावर सुटले आहेत असे त्यांना वाटे, आणि ज्याने ते झेलले त्याला ते हाक मारीत. ताप आणि चित्र यांचे नाते म्हातारीने बाहेरून आणलेले नाही. ते चित्रातच आहे.

जेमसनबाईंची थोरवी अशी, की आपण ठरविलेल्या भूमिकेत त्या स्वतः मावल्या नाहीत. कलेच्या दृष्टीने पाहायचे म्हणून त्या निघाल्या. पण चित्रे खरोखर समजून घ्यायची, तर ज्यांनी ती काढली आणि ज्यांच्यासाठी ती काढली त्यांचे मन समजून घ्यावे लागते, हे त्यांनी पहिल्याच पावलाला ओळखले. म्हणून त्या याकोबुस द व्होराजिनेची तेराव्या शतकातील 'सुवर्ण आख्यायिका' वाचीत बसल्या. आपल्या हाताने रेखाटने केली आणि पुस्तकांसाठी ती धातूच्या पत्र्यावर कोरली. भक्तिचित्र आणि इतिहासचित्र असा भेद त्यांनी वाचकांना समजावून दिला. घटना सांगणारे ते इतिहासचित्र. घटनेबाहेर, काळाबाहेर, ज्याच्यासमोर फक्त थांबायचे ते भक्तिचित्र.

हा भेद समजला की एक मोठा गैरसमज दूर होतो. देवमातेच्या एका बाजूला चौथ्या शतकातील संत जेरोम आणि दुसऱ्या बाजूला तेराव्या शतकातील संत फ्रान्सिस उभा, असे चित्र पाहून सुशिक्षित इंग्रज हसत असे. चित्रकाराला इतिहास येत नव्हता, असे तो म्हणे. बाईंनी त्याला सांगितले की, हे अज्ञान नाही. हे चित्र इतिहासाचे नाहीच. फ्लॉरेन्समधील सान मार्को मठाच्या सभागृहात फ्रा आंजेलिको यांनी १४४१-४२ च्या सुमारास काढलेले क्रुसावरील ख्रिस्ताचे भव्य भित्तिचित्र घ्या. क्रुसाखाली पवित्र मरिया आणि योहान आहेत. पण त्यांच्याबरोबर ॲम्ब्रोज, ऑगस्टिन, बेनेडिक्ट, बर्नार्ड, फ्रान्सिस, डॉमिनिक, थॉमस अक्वायनस हेही आहेत. बारा-तेरा शतकांची माणसे एका दुपारी एका टेकडीवर जमली आहेत. मिस्साबलिदानात आपण जे घडते असे मानतो, ते याहून वेगळे काय आहे? आपल्या श्रद्धासारात संतांचा समागम म्हणून जे शब्द आहेत, त्यांचे इतके नेमके विवरण धर्मशिक्षणाच्या फारशा पुस्तकांत आमच्या वाचनात नाही. आणि त्या विवरणाचे दार इंग्रज वाचकाला उघडून दिले ते एका प्रॉटेस्टंट बाईने.

आख्यायिकांच्या सत्यासत्यतेबद्दलही बाईंचे धोरण पाहण्यासारखे आहे. या कथा म्हणजे इतिहास आहे असे त्या म्हणत नाहीत आणि त्यांची टिंगलही करीत नाहीत. मध्ययुगातील दुबळ्या, नाडलेल्या लोकांनी चांगुलपणा बलवत्तर ठरावा अशी जी आस धरली, तिचे काव्य म्हणून त्या या कथा वाचतात. कोणी म्हणेल, हा तर संतांचा उपमर्द झाला. परंतु आपल्या ख्रिस्तसभेनेच १९६९ साली सर्वसाधारण पंचांग सुधारताना संत बार्बरा आणि आलेक्झांड्रियाची कॅथरिन यांचे सण त्यातून काढले, कारण त्यांच्या चरित्राला ऐतिहासिक आधार पुरेसा नव्हता. कॅथरिनचा सण २००२ साली ऐच्छिक म्हणून पुन्हा घेण्यात आला. म्हणजे जो विवेक बाईंनी १८४८ साली दाखविला, त्याच्याशी आपल्यालाही सामना करावा लागलाच. फरक एवढाच की, आख्यायिकेतून इतिहास वजा केल्यानंतर उरते ते काय, हे सांगण्याची तसदी आपण फारशी घेतली नाही. जेमसनबाईंनी ती घेतली.

या लेखनाला धैर्यही लागत होते. मालेतील दुसरा ग्रंथ, मठवासी संघांच्या आख्यायिकांवरचा, १८५० साली निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नववे पायस यांनी इंग्लंडमध्ये कॅथलिक बिशपांची व्यवस्था पुन्हा स्थापन केली आणि देशभर पोपविरोधी वादळ उठले. बिशपांच्या पदव्यांविरुद्ध १८५१ साली कायदा झाला. तो १८७१ मध्ये रद्द होईपर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिला. अशा हवेत बेनेडिक्टाइन मठवासीयांनी ओसाड जमिनी लागवडीखाली आणल्या, विद्या जतन केली, दुर्बलांना आसरा दिला असे इंग्रज वाचकाला शांतपणे सांगणे ही लहान गोष्ट नव्हती. मठजीवनातील दोषही बाई लपवीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जेझुइटांच्या वाट्याला मात्र फार थोडी पाने आली आहेत. आमच्या जेझुइट मित्रांनी ते मनाला लावून घेऊ नये; आम्हां धर्मप्रांतीय धर्मगुरूंवर तर कोणी स्वतंत्र ग्रंथच लिहिलेला नाही.

तिसरा ग्रंथ देवमातेच्या चित्रांवरचा, १८५२ चा. येथे मात्र आमचे बाईंशी जमत नाही. निष्कलंक गर्भसंभवाच्या चित्रांविषयी त्यांनी बारकाईने लिहिले आहे. सूर्याचे तेज, पायाखालची चंद्रकोर, वस्त्राचा शुभ्र व निळा रंग यांविषयी स्पेनच्या पाचेको या चित्रकाराने घालून दिलेले नियम त्या सांगतात. हे लेखन त्या सिद्धान्ताच्या अधिकृत घोषणेच्या, म्हणजे ८ डिसेंबर १८५४ च्या, दोन वर्षे आधीचे. राफाएलची ड्रेस्डेन येथील सिस्टाइन मॅडोना पाहिल्यावरच देवमातेचा आपल्या मनातला चेहरा आपल्याला भेटला, असा भाव त्यांनी व्यक्त केला आहे. हे सर्व सुंदर आहे. पण या ग्रंथात मरिया अखेरीस कोण आहे? स्त्रीत्वाची शुचिता, करुणा आणि सामर्थ्य यांचे मानवजातीने घडविलेले सर्वश्रेष्ठ रूप. प्राचीन देशांच्या मातृदेवतांशीही बाई तिचे नाते जोडतात. आम्हांस यातील एकही विशेषण नाकारायचे नाही. तरीही नासरेथची ती मुलगी या गौरवात हरवून जाते. आदर्शाचे चिंतन करता येते, त्याला हाक मारता येत नाही. रात्री दोन वाजता आजारी लेकराच्या उशाशी बसलेली आई स्त्रीत्वाच्या रूपाला हाक मारीत नाही. ती मरियेला मारते, आणि कोणीतरी ऐकत आहे अशा विश्वासाने मारते. जो हा विश्वास ठेवत नाही, त्याला चित्रातले सर्व काही दिसेल. चित्रातून आपल्याकडे कोणी पाहत आहे हे दिसणार नाही. उंबरठा तो हाच. बाई त्याच्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

एवढे म्हणून विषय संपविता आला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अडचण अशी आहे की, त्या मरियेच्या चेहऱ्यावरून बाई स्वतःच्या काळातील स्त्रियांकडे वळल्या, आणि तिकडे आपण फारसे वळत नाही. तत्कालीन इंग्रजी कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीची कमाई पतीची असे. जेमसनबाईंनी संतांवर लिहून मिळविलेला पैसाही कायद्याने त्यांचा नव्हता. विवाहित स्त्रियांना आपल्या मालमत्तेवर हक्क मिळावा म्हणून १८५६ साली पार्लमेंटकडे सुमारे ३,००० सह्यांचा अर्ज गेला. त्यातील अग्रभागीच्या नावांत ॲना जेमसन हे नाव होते. तो हक्क पुढे १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी मिळाला. आपल्याकडे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. पण ज्या घरात रोज संध्याकाळी देवमातेच्या तसबिरीसमोर गुडघे टेकून रोझरी म्हटली जाते, त्याच घरात लग्न झालेल्या मुलीला हक्कसोडीच्या कागदावर सही करण्यासाठी बोलाविले जाते, आणि ती नाही म्हणाली तर तिचे माहेर तुटते. हे आम्ही कोठे ऐकले असे कोणी विचारणार नाही. प्रत्येकाला आपल्या गल्लीतले एखादे उदाहरण ठाऊक आहे. त्या तसबिरीकडे बाईंनी पाहिले होते तसे आपण पाहिले आहे काय?

याहूनही ठळक गोष्ट पुढे घडली. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांचे हाल ऐकून ऑक्टोबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिका घेऊन निघाल्या. त्यांत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या. पुढल्याच फेब्रुवारीत, साठी ओलांडलेल्या जेमसनबाईंनी लंडनमध्ये एका घरी निमंत्रितांसमोर व्याख्यान दिले. विषय होता कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट सेवाभगिनी. संत व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी १६३३ साली स्थापन केलेल्या संघाचे कार्य, जर्मनीतील कायझरस्वर्थ येथील प्रॉटेस्टंट सेविकांचे कार्य, आणि त्या मानाने इंग्लंडमधील इस्पितळे, तुरुंग व अनाथ-दरिद्री लोकांची आश्रयगृहे येथील अनास्था, असे ते विवेचन होते. घरात जसे स्त्री-पुरुष मिळून काम करतात, तसे समाजाच्या संस्थांतही त्यांनी मिळून काम केले पाहिजे, हा विचार त्यांनी पुढल्या वर्षीच्या व्याख्यानात विस्ताराने मांडला. चित्रांवर लिहिणाऱ्या बाई इस्पितळात काय करीत होत्या, असे कोणाला वाटेल. आम्हांस वाटते, त्या जेथे पोहोचायच्या तेथेच पोहोचल्या होत्या.

मुरिल्योचे एक चित्र आठवते. हंगेरीची संत एलिझाबेथ राणीच्या वेषात उभी आहे आणि खवड्यांनी भरलेले एका पोराचे डोके पितळी पात्रावर धरून धूत आहे. हे चित्र सेव्हिल येथील करुणा-इस्पितळाच्या चर्चसाठी १६७० च्या सुमारास काढलेले. मुरिल्यो स्वतः त्या इस्पितळाच्या बंधुसंघाचा सभासद होता. ते चित्र ज्यांच्यासाठी होते त्यांना मिस्सा आटोपल्यावर बाजूच्या खोलीत जाऊन तशीच डोकी धुवायची होती. अशा चित्राचा आस्वाद निर्हेतुक कसा राहणार? नेपोलियनच्या सेनापतींनी ते उचलून पॅरिसला नेले. सेव्हिलला परतायला त्याला १९३९ साल उजाडले. मधल्या काळात ते दालनांमध्ये टांगलेले होते आणि लोक पोराच्या डोक्यावरील जखमा किती हुबेहूब आहेत याची चर्चा करीत होते.

जाता जाता जॉन रस्किनविषयी. वयाने पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या या प्रतिभावंताची आणि बाईंची १८४५ साली व्हेनिसमध्ये भेट झाली होती. चित्रकलेची जाण बाईंना मुळीच नाही, असे त्याने उतारवयातील आठवणींत लिहून ठेवले आहे, आणि तंत्रापुरते ते खरेही असेल. कोणते चित्र कोणाच्या हातचे, रंग कसा चढविला, यात बाई कित्येकदा चुकल्या आहेत. पण रस्किनला चित्रकाराचा हात दिसे. बाईंना चित्राखाली गुडघे टेकलेली माणसे दिसत. आम्हांस दोघांपैकी एकाची संगत निवडायची झाली तर आम्ही बाईंची निवडू. रस्किनची वाक्ये अधिक भव्य आहेत हे मान्य करून.

सिमोन वेल या फ्रेंच विदुषीने विसाव्या शतकात असे मांडले की, संपूर्ण अवधान आणि प्रार्थना यांत अंतर नाही. ते पूर्णतः स्वीकारणे आम्हांस जड जाते, कारण प्रार्थनेत कोणालातरी 'तू' म्हणावे लागते. तथापि अवधानावाचून केलेली प्रार्थना हीदेखील 'तू' म्हणण्याची एक सवयच असू शकते. आमच्या पाहण्यातील एका जुन्या चर्चमध्ये एका लाकडी संत-मूर्तीच्या हातातील वस्तू कधीतरी मोडली. सणाच्या आधी रंगाऱ्याने ऑइलपेंटचा नवा हात दिला आणि रिकाम्या मुठीत प्लॅस्टिकची फुले खोचली. आता ती संत कोण हे गावात कोणीही सांगू शकत नाही. मेणबत्त्या मात्र रोज लागतात. त्या मेणबत्त्यांना आम्ही खोट्या म्हणणार नाही. ज्याच्याकडे त्या पोहोचायच्या त्याच्याकडे पोहोचत असतील, नायसियाची परिषद तसे आश्वासन देते. पण ती मूर्ती काहीतरी सांगत होती, आणि सांगणाऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे ही सभ्यता नव्हे. जेमसनबाई त्या चर्चमध्ये आल्या असत्या तर त्यांनी मेणबत्ती लावली नसती. त्यांनी त्या मुठीची पकड पाहिली असती, वस्त्राची ठेवण पाहिली असती, आणि ती कोण हे शोधून काढल्याशिवाय त्या परतल्या नसत्या.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया नागासाकीला १५९७ साली क्रुसावर भाल्यांनी विद्ध होऊन मरण पावले. पण त्यांना संतपद १८६२ साली मिळाले. तोवर जेमसनबाई हयात नव्हत्या.

शेवटची वर्षे त्यांनी प्रभू येशूच्या चित्रांवरील ग्रंथासाठी दिली. सरकारने १८५१ पासून वार्षिक १०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले होते आणि पतीच्या मृत्यूनंतर मित्रमंडळींनी आणखी तेवढीच सोय केली होती. भोवती तरुण स्त्रियांचा एक मेळा जमला होता. बाई त्यांना मानलेल्या भाच्या म्हणत. त्यांतील कवयित्री ॲडलेड प्रॉक्टर हिने कॅथलिक धर्म स्वीकारला होता. बेसी पार्क्स हिने तो बाईंच्या निधनानंतर, १८६४ साली स्वीकारला. विख्यात कॅथलिक लेखक हिलेर बेलॉक हा या बेसीचा मुलगा. बाई स्वतः मात्र अखेरपर्यंत आपल्या जन्माच्या पंथातच राहिल्या. मार्च १८६० मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये काम करून परतताना त्यांना थंडी बाधली आणि १७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले. अपुरा ग्रंथ लेडी ईस्टलेक यांनी पुरा करून १८६४ साली प्रसिद्ध केला. क्रुसावरील ख्रिस्ताच्या चित्रांविषयी जेमसनबाई काय लिहिणार होत्या, ते वाचायला मिळाले असते तर आम्हांस फार आवडले असते.